पोथी क्र. ७: शेवटच्या सोळा पत्रांच्या नोंदी

११ जानेवारी २०२५

पैठण तालुक्यातल्या एका महानुभाव घराण्याची पोथी. एकूण ११८ पत्रं (पत्र म्हणजे दोन्ही बाजूंनी लिहिलेलं सुटं पान), आकार सुमारे २२ × १२ सें.मी., पानाला १० ओळी, ओळीला २६ ते २८ अक्षरं. पहिली १०२ पत्रं सकळ लिपीत, म्हणजे पंथाच्या सांकेतिक लिपीत; तक्ता लावला की सरळ वाचता येणारी. १०३ ते ११८ याच हाताची, याच वळणाची आहेत, पण सकळ लिपीचा तक्ता लावला की अर्थ लागत नाही. काम या सोळा पत्रांचं.

कागद घोटलेला, हातबनावटीचा. उजेडासमोर धरला की जाळीच्या काड्यांच्या रेषा दिसतात, जलचिन्ह अर्थातच नाही. दौलताबादशेजारचं हातकागदाचं गाव कागजीपुरा फार लांब नसल्यामुळे 'दौलताबादी' म्हणण्याचा मोह होतो. पण निव्वळ कागदावरून गाव आणि शतक ठरवायचं नाही. नोंदीत फक्त 'घोटीव, जाळीच्या रेषा असलेला' एवढंच लिहिलं आहे. शाई काजळीची. दंड (वाक्य संपल्याच्या उभ्या रेषा) आणि प्रकरणांची नावं हिंगुळाच्या लाल रंगाने, दुरुस्त्या हरताळाने, म्हणजे चूक झाकणाऱ्या पिवळ्या लेपाने. ओळींसाठी दोरे ताणलेल्या फळीवर कागद दाबलेला आहे. तिरपा उजेड टाकला की सरी स्पष्ट दिसतात.

हाताळणीचे नियम घरच्यांनी घालून दिले तेच पाळायचे: दंडवत करून पोथी सोडायची, पोथी जमिनीवर टेकवायची नाही, काम संपलं की रुमालात बांधून परत देव्हाऱ्यात. आमच्याकडून दोनच भर. हरताळ म्हणजे आर्सेनिकचं विषारी संयुग, त्यामुळे नायट्रिलचे हातमोजे सक्तीचे आणि पान उलटताना बोट जिभेला लावायचं नाही. आणि चिकटलेली पानं ओढायची नाहीत. १११ आणि ११२ कोपऱ्यात चिकटली आहेत. बांबूची पातळ पट्टी आतून सरकवूनच सोडवायची, तीही कोरड्या हवेत. हे काम मे-आधी उरकलेलं बरं.

१२ जानेवारी

छायाचित्रण. कॅमेरा स्टँडवर उभा, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत एलईडी, एफ-८, आयएसओ १००. प्रत्येक चित्रात मोजपट्टी आणि रंगपट्टी. वर काच ठेवायची नाही: हरताळाच्या खपल्या काचेला चिकटून निघतात. कडा उचलल्या तर नायलॉनची पारदर्शक पट्टी पुरते.

दुपारी वीज गेली. इन्व्हर्टरवर स्वस्त एलईडी लावले तर चित्रात आडवे पट्टे येतात, कारण दिवा डोळ्याला दिसत नाही अशा वेगाने लुकलुकतो. शटर १/२५ वर आणलं की पट्टे जातात. पट्टे आलेली चित्रं ठेवून उपयोग नाही. पुढे एका चित्रातून दुसऱ्याची वजाबाकी करायची असते तेव्हा तेच पट्टे अक्षर म्हणून समोर येतात.

१९ जानेवारी

पत्रांचा क्रम तपासला. पत्रांक समासात आहेत, पण ते नंतर टाकलेले असू शकतात. त्यापेक्षा भरवशाची असते कसर, म्हणजे कागद खाणारी कीड. तिचं भोक एका पत्रातून पुढच्या पत्रात त्याच जागी उतरतं आणि हळूहळू सरकत जातं. पत्र ९७ वर खालच्या समासात सुरू झालेलं भोक ११० पर्यंत न तुटता जातं. म्हणजे कसर लागली तेव्हा १०२ आणि १०३ एकाच गठ्ठ्यात, याच क्रमाने होती. ती एकाच वेळी *लिहिली* गेली असं यातून सिद्ध होत नाही. तो पुरावा हाताच्या वळणातून आणि दाबलेल्या सरींमधून मिळतो. दोन्ही भागांत सरींची अंतरं जुळतात. तिसरी आणि चौथी सर दोन्हीकडे थोडी जवळ आहे. म्हणजे फळी एकच.

२ फेब्रुवारी

आधी पहिली १०२ पत्रं, कारण किल्ली त्यांच्यातून यायची आहे.

महानुभावांच्या सांकेतिक लिप्यांची नावं बरीच आहेत: सकळ, सुंदरी, वज्र, अंक, शून्य, सुभद्रा, मनोहरा. यांतली सकळ सर्वांत जास्त वापरातली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्या कामामुळे ती पंथाबाहेरच्या अभ्यासकांना वाचता येऊ लागली. तत्त्व सोपं: एका अक्षराच्या जागी ठरावीक दुसरं चिन्ह. छापील तक्ता हाताशी ठेवला आहे, पण काम याच पोथीतून बनवलेल्या तक्त्यावर चालवायचं. प्रत्येक लेखकाचं वळण वेगळं असतं. छापील आकृतीशी ताडत बसलं की दोन चिन्हांची गल्लत होते.

पत्र १०२ वर पुष्पिका, म्हणजे लेखनकाळ सांगणारी समाप्तीची नोंद: 'शके १५?२ शार्वरी नाम संवत्सरे'. दहंच्या अंकावर शाई घासली आहे. शकात १२ मिळवून ६० ने भागलं की बाकी म्हणजे संवत्सराचा क्रमांक. शार्वरी ३४ वा. १५२२ + १२ = १५३४, बाकी ३४. जुळलं. पण १५८२ + १२ = १५९४, बाकी पुन्हा ३४. साठाचं चक्र असल्यामुळे दहंच्या जागी २ चालतो तसा ८ ही चालतो, बाकी कोणताच नाही. दोन्ही शक्यता उघड्या.

१६ फेब्रुवारी

लिप्यंतराचे नियम ठरवले. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून सविस्तर.

१०३ पासूनच्या प्रत्येक चिन्हाला सकळ तक्त्यानुसार जे देवनागरी अक्षर येईल ते लिहायचं. याला आम्ही 'कच्चं वाचन' म्हणतो. अर्थ लागो न लागो, सुधारायचं नाही. तक्त्यात न बसणारी दोन चिन्हं सापडली. त्यांना चि-१ आणि चि-२ म्हटलं आहे.

जोडाक्षर संगणकात भरताना युनिकोडचा क्रम पाळायचा. 'र्व' मधला रफार पानावर वर आणि शेवटी दिसतो, पण साठवताना र, हलन्त, व असाच जातो. दिसतं तसं भरलं तर मोजणीत (कोणतं अक्षर किती वेळा आणि कशाशेजारी येतं) र आणि व यांचा क्रम उलटतो आणि जोड्यांचा तक्ता वाया जातो. मात्रेआधी अनुस्वार टाकला तर 'ें' सारखा दिसतो पण संगणकाला वेगळा वाटतो. अदृश्य जोडचिन्हंही कीबोर्डवरून नकळत येतात. मोजणीआधी ती काढून टाकणारी चार ओळींची पायथन स्क्रिप्ट ठेवली आहे. आणि मोजायचं ते अक्षर. नुसती स्ट्रिंगची लांबी घेतली तर 'म्हणीतलें' नऊ-दहाच्या घरात जातं, अक्षरं मात्र चारच.

पोथीत शब्द तोडलेले नाहीत, सलग लेखन आहे. आपणही तोडायचे नाहीत. दंड हिंगुळाचे आहेत, ते वेगळ्या स्तंभात.

प्रत्येक पान दोघांनी स्वतंत्र भरायचं, मग फरक काढायचा. फरक बहुतेक वेळा घ-ध आणि थ-य सारख्या जवळच्या आकारांत निघतात.

२ मार्च

शेवटचं पृष्ठ कोरं सोडून ३१ पृष्ठं, सुमारे ८,३०० अक्षरं. मोजणी झाली.

निकाल चकवा देणारा. कच्च्या वाचनातली व्यंजनांची वारंवारता पहिल्या १०२ पत्रांशी बरीचशी जुळते. त, न, र, ल, स, य, व सगळे जिथल्या तिथे वरच्या रांगेत. मात्रा तर हुबेहूब: 'ें' ची संख्या, दीर्घ ईची संख्या, सगळं जुन्या मराठीसारखं. म्हणजे मात्रांना हात लावलेला नाही, एवढं नक्की.

विसंगती मोजक्याच, पण ठसठशीत. कच्च्या वाचनात क एकदाही नाही. मराठी मजकूर आणि क नाही, हे होऊच शकत नाही. च येतो तो फक्त ज ला जोडून. ष नेहमीपेक्षा फार जास्त. आणि चि-१ चांगलंच वारंवार. चि-२ जवळजवळ कायम आ, ई किंवा ें या मात्रांसह, आणि तेही दुसऱ्या अक्षरांच्या पाठीशी, विभक्तीच्या प्रत्ययासारखं.

तुलनेसाठी आजच्या मराठीचे वारंवारता-तक्ते वापरायचे नाहीत. आजचा 'झाला' इथे 'जाला' आहे, म्हणजे झ घटतो आणि ज वाढतो. ख च्या जागी ष लिहिलेला. 'एक' चा 'येक'. याच पोथीची पहिली १०२ पत्रं हाच खरा मापदंड: हात तोच, लेखनाच्या सवयी त्याच.

९ मार्च

कच्च्या वाचनात काही शब्द चक्क वाचता येतात: 'ऐसें', 'बाइसा', 'जी', 'बीड'. 'गोसावी' च्या जागी 'गोसायी'. आणि 'फणोबास' नावाचा कुणीतरी वारंवार येतो.

ही जागा फसवी आहे. पाच-सहा शब्द लागले की वाटतं, तक्ता बरोबर आहे आणि लेखकच अडाणी होता. भाषा न समजता नक्कल करणाऱ्याने अक्षरं बिघडवली. असे लेखक होतेही. पंथ पंजाबात आणि पार काबुलापर्यंत पोचला, तिथे मराठी न बोलणाऱ्यांनी मराठी पोथ्या उतरवल्या. पण बिघाड अंदाधुंद असतो. इथे 'सल्यज्चें प्षटीनरें' हा तुकडा पुन्हा पुन्हा, एका मात्रेचाही फरक न करता येतो. नियमाने बिघडलेलं असेल तर ते बिघडलेलं नाही, बदललेलं आहे.

तेव्हा 'गोसायी' हा पाठभेद म्हणून नोंदवायचा नाही आणि 'फणोबास' व्यक्तिसूचीत घालायचा नाही.

२३ मार्च

हरताळाखालचं वाचन. सगळ्यात उपयोगी दिवस.

सोळा पत्रांत हरताळाचे २३ ठिपके आहेत. आधीच्या १०२ पत्रांत मिळून १९. एवढी दाटी का? लेखक समोरच्या सकळ प्रतीवरून उतरवत होता आणि उतरवताना मनात अक्षर बदलत होता, असं धरलं तर उत्तर मिळतं. सवयीने मूळ चिन्ह उमटायचं, मग त्यावर हरताळ लावून बदललेलं लिहायचं. तसं असेल तर प्रत्येक ठिपक्याखाली किल्लीचा एक तुकडा आहे.

जुन्या डीएसएलआरमधला अवरक्त अडवणारा फिल्टर काढून घेतला, भिंगापुढे ८५० नॅनोमीटरचा फिल्टर. साध्या पांढऱ्या एलईडीत अवरक्त किरण जवळजवळ नसतात, म्हणून ८५० चेच वेगळे एलईडी लागतात. हॅलोजनने काम होतं, पण कागद तापतो. फोकस दृश्य उजेडात लावून चालत नाही. अवरक्तात तो सरकतो, लाइव्ह-व्ह्यूवर पुन्हा लावायचा.

या उजेडात हरताळाचा थर बराच पारदर्शक होतो आणि काजळीची शाई काळीच राहते. हिंगूळ मात्र नाहीसा होतो, त्यामुळे दंड गायब. दृश्य चित्र सोबत हवंच. अडचण अशी की वरचं अक्षरही काजळीचंच. अवरक्तात वरचं आणि खालचं एकमेकांत मिसळून एकच गुंता दिसतो. उपाय: दृश्य चित्रात फक्त वरचं दिसतं, अवरक्तात दोन्ही. दोन्ही चित्रं ठिपक्याभोवतालच्या चार खुणांवर एकमेकांवर बसवायची आणि वरचं वजा करायचं. खुणा पानाच्या कोपऱ्यांवर घेतल्या तर कागदाच्या लहरींमुळे मधे अर्धा मिलिमीटर फरक पडतो आणि वजाबाकीत वरच्या अक्षराची किनार उरते. खुणा ठिपक्यालगतच हव्यात. शेजारच्या अक्षरांची टोकं उत्तम.

पत्र १०५ ची मागची बाजू, सहावी ओळ. वर 'प्ष', वजाबाकीनंतर खाली 'म्ह'. खालच्या म्ह ला हलन्ताचा फाटा पुरा काढलेला आहे, तिथेच बोरू थांबला आणि शाईचा छोटा थेंब साठला. लेखकाला जोडाक्षर पुरं झाल्यावर कळलं. पुढची तीन अक्षरं 'टीनरें' थेट बदललेली, त्यांवर हरताळ नाही.

२३ पैकी १७ ठिकाणी खालचं वाचता आलं. सहा नुसत्या मात्रांच्या दुरुस्त्या, त्यांचा उपयोग नाही. उरलेल्या अकरात: त आणि न सहा वेळा, म आणि प दोनदा, र आणि ल दोनदा, व आणि य एकदा. त-न च्या सहांत तीन वेळा खाली त आणि वर न, तीन वेळा उलट. म्हणजे अदलाबदल दुहेरी आहे.

वारंवारता का जुळत होती ते इथे कळतं. मराठीत त आणि न दोन्ही भरपूर, र आणि ल दोन्ही भरपूर, य आणि व तसेच. ज्यांची अदलाबदल झाली त्यांची वजनं जवळपास सारखी. आकड्यांवर कितीही बसलं तरी अशी किल्ली हाती लागत नाही. लेखकाची चूक शोधावी लागते.

३० मार्च

त-न हे वर्णमालेतल्या त-वर्गातलं पहिलं आणि पाचवं. प-म तसंच. य-र-ल-व मध्ये टोकाची जोडी य-व, मधली र-ल. म्हणजे प्रत्येक वर्ग उलटा वाचायचा:

क–ङ, ख–घ, ग तसाच
च–ञ, छ–झ, ज तसाच
ट–ण, ठ–ढ, ड तसाच
त–न, थ–ध, द तसाच
प–म, फ–भ, ब तसाच
य–व, र–ल
श–ळ, ष–ह, स तसाच

शेवटच्या ओळीत ष–ह ला पत्र १०५ वरच्या 'म्ह' चा आधार आहे, श–ळ या टप्प्यावर निव्वळ अंदाज.

पडताळा पत्र १०३ च्या पहिल्याच ओळीवर. कच्चं वाचन 'ळ्लीमलेळाव तपः'. हरताळाखालून मिळालेल्या चारच जोड्या लावल्या की '?्रीपरे?ाय नमः' होतं. 'श्रीपरेशाय नमः', महानुभाव पोथ्यांची नेहमीची सुरुवात; दुसरं काही असूच शकत नाही. शिवाय 'श्रीपरेश' मधली व्यंजनं श-र-प-र-श अशी उलटसुलट सारखी आहेत आणि कच्च्या वाचनात ळ-ल-म-ल-ळ नेमकी तशीच. ळ म्हणजे श, अंदाजाची ओळ उभी राहिली. 'तपः' बघून कुणी तपश्चर्येचा ग्रंथ समजला असता, तो धोका टळला.

'सल्यज्चें प्षटीनरें' म्हणजे 'सर्वज्ञें म्हणीतलें' (सर्वज्ञ म्हणजे चक्रधरस्वामी). ज ला जोडून येणारा च हा ज्ञ मधला ञ. चि-१ हा क, चि-२ हा च. विभक्तीचे चा-ची-चें त्यातूनच. ङ आणि ञ साठी लेखकाने स्वतःची चिन्हं योजली. 'फणोबास' हे भटोबास, म्हणजे पंथाचे आचार्य नागदेव. 'म्लनिह्ढात' म्हणजे प्रतिष्ठान, आपलं पैठण. बीड दोन्ही वाचनांत बीडच, कारण ब आणि ड वर्गाच्या मधोमध बसतात.

२० एप्रिल

किल्ली लावून सगळं पुन्हा वाचलं. न बसणाऱ्या जागा तीन प्रकारच्या.

पहिली, ख. तक्त्यानुसार तो घ व्हायला हवा, पण कच्च्या वाचनात घ औषधालाही नाही. लेखक ख ऐवजी ष लिहितो आणि मग त्या ष चा ह करतो. म्हणून 'देहौति' म्हणजे 'देषौनि', आजच्या लेखनात 'देखौनि'. किल्ली अक्षराला लागते, उच्चाराला नाही.

दुसरी, न बदललेले शब्द. 'मग' हा बहुतेक ठिकाणी 'पग', पण काही ठिकाणी सरळ 'मग', आणि त्यावर हरताळ नाही, सुटलेली चूक. ओळीच्या शेवटी अशा जागा जास्त. संपादनात त्या गुपचूप सुधारायच्या नाहीत. कच्चं आणि पक्कं दोन्ही द्यायचं, वर खूण.

तिसरी सगळ्यात त्रासाची: दोन्ही वाचनं अर्थपूर्ण असतात. 'नाम' उलटलं की 'ताप', 'मान' उलटलं की 'पात'. पहिल्या १०२ पत्रांतून शब्दसूची करून संगणकाला दोन्ही वाचनं तपासायला लावली आहेत. जिथे दोन्ही सूचीत सापडतात ती ओळ माणसाकडे येते. वारंवारतेवरून आपोआप निवड करू द्यायची नाही. 'नाम' हे 'ताप' पेक्षा कितीतरी जास्त वेळा येतं, पण वाक्य ज्वराबद्दल असेल तर तापच.

११ मे

वाचन पूर्ण. बहुतेक मजकूर लीळा (चक्रधरांच्या आठवणी) आणि त्यांवरची छोटी विवरणं. पत्र ११४ आणि ११५ वर नित्यविधीचा भाग आहे. घरच्यांनी आणि महंतांनी किल्ली आणि पद्धत मोकळी ठेवायला होकार दिला. या दोन पत्रांबद्दल महंत म्हणाले, "बाबांनो, वाचलंत ना? मग तुमच्यापाशी राहू द्या." ती चित्रं आणि लिप्यंतर वेगळ्या ड्राइव्हवर घरच्यांकडे दिलं, आमच्या प्रतीत तिथे फक्त अक्षरसंख्या आहे.

पत्र ११८ वर दुसरी पुष्पिका, उलट्या वर्गांतच लिहिलेली. शक नाही, पण 'माघ शुद्ध पंचमी' आहे. शक पहिल्या पुष्पिकेतलाच धरला, तर माघ असल्यामुळे इसवी सनासाठी ७९ मिळवायचे: १६०१ किंवा १६६१. वाराच्या जागी कसरीचं भोक. उरलंय ते '…याले', म्हणजे '…वारे', आणि त्याआधी खाली उकाराचा तुकडा. वारांच्या नेहमीच्या नावांत उकार बुध, गुरु आणि शुक्र यांनाच. भोकाची रुंदी दोन अक्षरांची, त्यामुळे तिन्ही बसतात. गुरु असता तर 'याले' ला लागून दुसरा उकार दिसायला हवा, आणि त्या जागेचा कागद शाबूत व कोरा आहे. उरले बुध आणि शुक्र.

पुढे: दोन्ही वर्षांच्या माघ शुद्ध पंचमीचा वार गणिताने काढणे, आणि पत्र १०२ वरच्या घासलेल्या अंकाचं अवरक्त चित्र. ते पावसाळ्याआधी.